दोन शब्द

माझं काम शब्दांच्या अलीकडचं.
निंबाला सुतळीनं भोंगा बांधायचा, तोंड बोरी नदीकडे,
वायर पायदळी येऊ नये म्हणून तिच्यावर विटा ठेवायच्या,
आणि मग रिकाम्या खुर्च्यांना विचारायचं,
हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन.
चार कधीच म्हणत नाही. का, ते उस्तादांनाही ठाऊक नव्हतं.

तीस वर्षं भाषणं ऐकतो, तीही पाठीमागून.
वक्त्याची पाठ मला तोंडपाठ.
कुठलं वाक्य आलं की शर्ट मणक्यावर ओला होतो,
कुठं टाळी हवी असते आणि खांदे तिच्यासाठी थांबतात,
चेहऱ्याला लपवता येतं, पाठीला नाही.

सभापती माईक कणसासारखा तोंडाशी धरतात,
भाजून खातील असं वाटतं.
मुख्याध्यापक इतके दूर, जणू तापला तवा.
आणि भोंग्यातला आवाज फिरून माईकमध्ये शिरला
की शिट्टी वाजते, पोरं कानात बोटं घालतात.
आवाज स्वतःलाच ऐकत बसला, एवढंच झालेलं असतं.
मी बटण थोडं खाली करतो.
माणसांना तसलं बटण नसतं.

बहादरपूरच्या शाळेत, एप्रिलचा शेवटचा शनिवार,
हिलाल शिपायाचा निरोप.
एकतीस वर्षं त्यानं घंटा दिली, तोंड फारसं उघडलं नाही.
चौघे बोलले. पाचवे बोलायला उठले आणि लाइट गेली,
मी बॅटरीवर घेतलं, तेवढ्यात त्यांनी सुरुवातीपासून पुन्हा सुरुवात केली.
मांडवाचं कापड तापून करपल्यासारखा वास.
मागच्या रांगेत बाया, पदराचा वारा घेत,
शेवटच्या खुर्चीवर कौतिकबाई, हिलालची बायको,
जिला ढगांचा गडगडाटही छातीतूनच कळतो.

“आता सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलावेत.”

तो आला. हातात महाजन सरांनी लिहून दिलेला कागद,
अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग, वगैरे.
कागद थरथरला, आणि माईकनं तेच पकडलं,
वाळल्या केळीच्या पानाची सळसळ गावभर गेली,
स्टँडवर गाडीची वाट बघणारेही वळले म्हणे.
मग श्वास. आत, बाहेर.
हात बटणाकडे गेला माझा. बंद करावं, लाज झाकावी.
नाही केलं.
पाठ बघत होतो मी. कोरडी होती.

कागदाची त्यानं घडी केली, खिशात घातली,
मान उचलून शेवटच्या खुर्चीकडे बघितलं, आणि म्हणाला,
“मांगे आयकू येस का?”

कौतिकबाईंनी हात वर केला.

“मंग झायं,” म्हणाला, आणि खाली उतरला.

टाळ्या यायला वेळ लागला.
पोरं आधी हसली, मग कुणीतरी रडत होतं, बहुतेक महाजन सर,
किंवा त्यांचं भाषण वाया गेलं म्हणून डोळे पुसत असतील,
पाठमोरे नव्हते, त्यामुळे सांगता येत नाही.

भरीत-पुरीच्या पंगतीत मी कौतिकबाईंच्या शेजारी बसलो,
खुणा करून विचारलं, काय म्हणाले हो ते?
त्या मोठ्यानं बोलतात, ऐकू न येणारे बोलतात तशा,
सगळी पंगत थांबली.
“माले काय आयकू येस रे भो!
त्यानी मन्हाकडे देखं, मी हात वर कया.
घरमाबी आसंच शे.”
आणि पानावरची मिरची माझ्याकडे सरकवली.

संध्याकाळी कोपरावर वायर गुंडाळत होतो.
भोंगा सोडताना आत एक चिमणीचं पीस सापडलं.
बिल साडेआठशे झालं, सरांनी आठशे दिले,
मी काही बोललो नाही.

आता दुसऱ्या गावी माईक लावला
की हॅलो म्हणण्याआधी शेवटच्या खुर्चीकडे बघतो.
बहुतेक वेळा तिथं कुणी नसतं.
एखादं कुत्रं असतं, सावलीला.
तेही मान वर करतं.